घर जॅकवर

सव्वीस वर्षं मी घोडा हाकला.
घोडा म्हणजे नुसतं तोंड:
इंजिन, केबिन, एकवीरेचा फोटो,
आणि पाठीवर ग्रीस माखलेलं एक लोखंडी ताट.
कंपनीचे साहेब त्याला पाचवं चाक म्हणायचे.
आम्ही टर्न-टेबल.
रस्त्याला कधी न लागणारं चाक,
आणि सगळं ओझं त्याच्याच माथ्यावर.

रिव्हर्स मारत जायचं हळूहळू,
खटाक झालं की मागचे चाळीस फूट आपले.
न्हावा-शेवाला दांडा ओढायचा,
ट्रेलरचे पाय जमिनीवर टेकवायचे
आणि नुसता घोडा घेऊन जासईला परत.
इतकं हलकं, की वाटायचं
बायको-पोरंही कुठल्यातरी यार्डात उभी आहेत,
पावती दाखवली की मिळतील.

देवकीला हे एकदा सांगितलं.
ती हसली नाही.

रोज रात्री तिचा फोन यायचा, एकच प्रश्न:
लागलं का?
म्हणजे ट्रेलर. म्हणजे उद्या घरी की आणखी चार दिवस.

घोडा विकला तेव्हा ताटावरचं ग्रीस
मी बोटाने पुसून बघितलं, का ते माहीत नाही.
त्या पैशांत एका शाळेची जुनी बस घेतली,
तळोज्याला रमजान वेल्डरकडे उभी केली दीड महिना.
ओटा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी,
डासांच्या जाळ्या, मागे आडवा पलंग.
पिवळा रंग गेला.
पलंगापाशी पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं
‘ओवी घाबरट आहे’ एवढं गेलं नाही.
देवकी म्हणाली, राहू दे.

आरटीओत साहेबाने विचारलं,
हे वाहन की घर?
म्हटलं, कागदावर काय ते तुम्ही लिहा,
आमचं अजून ठरत नाही.

आयुष्यभर माझ्या मागचा माल सीलबंद होता.
काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही,
आणि तोही कधी बोलला नाही.
आता मागून पातेलं बोलतं,
हिंगाच्या डबीचं झाकण बोलतं,
देवकी बोलते, गतिरोधक आला की आधी ओरडत जा,
वरण सांडलं.

करळ फाट्यावर मी अजून वळण बाहेरून घेतो,
पार पलीकडच्या कडेपर्यंत,
मागचे चाळीस फूट आत कापतील म्हणून.
मागे चाळीस फूट नाहीत.
रिक्षावाले शिव्या देतात,
आरशात फक्त वाळत घातलेला टॉवेल.

आणि मग कळंबोलीत क्लचप्लेट गेली.

पूर्वी कसं असायचं:
घोडा गॅरेजात, माल यार्डात, मी घरी.
तीन ठिकाणी तीन काळज्या,
एकीचा दुसरीला पत्ता नाही.
आता सगळंच एका जॅकवर.
मेस्त्री खाली उताणा, आणि त्याच्या बरोब्बर वर
देवकी तांदूळ निवडतेय.
जमीन तिरकी, एक कांदा
ओट्यावरून सुटला तो थेट माझ्या ब्रेकपाशी.
‘वहिनी, हलू नका!’ खालून आवाज.
‘माझ्या घरात मी हलू नको?’ वरून.
पाना पडल्याचा आवाज झाला.
मग मेस्त्रीनेच चहा मागितला,
कप तिने चाकाशेजारी खाली दिला,
वाकून, जसा जोत्यावरून देतात.

पार्ट उद्या येणार होता.
आम्ही तिथेच झोपलो,
स्टील मार्केटच्या कडेला, ट्रेलरांच्या रांगेत,
डिझेल आणि कुणाच्या तरी सुकटीच्या वासात.

पहाटे तीनला शेजारी एक पोरगा
घोडा मागे घेत होता.
दोनदा चुकला. मी पडल्या पडल्या
डावीकडे, डावीकडे म्हणत होतो.
मग खटाक.

देवकी कूस बदलून झोपेतच म्हणाली,
लागलं का?

दुसऱ्याचं, मी म्हटलं. झोप.